पढतमूर्खांची पाच लक्षणे

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी मूर्खांची लक्षणे सांगितली आणि त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खांसाठी वेगळा समास राखला. त्या यादीत आज एका जमातीची भर घालायला हवी. ही माणसे रीतसर शिकलेली, बहुतेक इंजिनिअर. विमान, मोटार, रॉकेट यांच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरपाशी बसून ती एकच प्रश्न विचारत राहतात : हे काम जास्तीत जास्त किती वेळ घेईल? एरवी किती घेते हे त्यांना ठाऊक असते, पण त्यावर त्यांचे समाधान होत नाही. लाखात एखाद्या वेळी, सगळे काही प्रतिकूल जुळून आले तर किती घेईल, हे त्यांना हवे असते. या आकड्याला त्यांच्या धंद्यात ‘वर्स्ट-केस एक्झिक्युशन टाइम’ म्हणतात. बोलताना नुसते डब्ल्यूसीईटी.

बाकीचे जग सरासरीवर चालते. फोन विकताना वेग सांगतात, गाडी विकताना ॲव्हरेज सांगतात. जे क्वचित घडते त्याची चिंता करत बसणाऱ्याला जग कामाचा माणूस समजत नाही. त्या मापाने ही जमात मूर्ख ठरते, आणि तो शब्द मी तिच्यासाठी मुद्दाम वापरणार आहे. कारण मला या मूर्खपणाची स्तुती करायची आहे. मनापासून, आणि लक्षणवार.

आधी हा प्रश्न कुठे उभा राहतो ते पाहू. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचे आहे. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की चाक अडकू लागले आहे का, हे आतला छोटा संगणक सतत तपासतो आणि ब्रेकचा दाब सोडतो, धरतो, पुन्हा सोडतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका मिलिसेकंदात जवळपास ३ सेंटिमीटर पुढे सरकते. इंजिनाचे गणित याहून कडक आहे. ६००० आरपीएमवर क्रँकशाफ्टचा एक फेरा १० मिलिसेकंदांत पुरा होतो, म्हणजे एक अंश फिरायला सुमारे २८ मायक्रोसेकंद. ठिणगी कोणत्या अंशावर पाडायची याचे अचूक उत्तर तो अंश उलटून गेल्यावर आले, तर ते उत्तर चूकच. रिअल-टाइम म्हणतात ते याला. इथे उशीर ही गैरसोय नसते, तो बिघाड असतो.

लक्षण पहिले : डोळ्यांनी पाहिलेले मानत नाही

शहाण्या माणसाची रीत सोपी आहे. प्रोग्राम हजार वेळा चालवावा, प्रत्येक वेळी लागलेला वेळ मोजावा, त्यातला सर्वांत मोठा आकडा घ्यावा, वर वीस टक्के मार्जिन टाकावे आणि घरी जावे. आपला मूर्ख इथे अडून बसतो. तो विचारतो, वीसच का? पंधरा का नाही, ऐंशी का नाही? हजार वेळा जे दिसले नाही ते हजार एकाव्या वेळी दिसणार नाही, हे कुणी सांगितले?

त्याचा हट्ट किती रास्त आहे हे एका हिशेबाने कळते. प्रोग्राममध्ये एकापाठोपाठ एक ४० वेळा ‘असे असेल तर हे, नसेल तर ते’ असा फाटा फुटत असेल, तर आतून जाणारे मार्ग दोनचा चाळिसावा घात इतके होतात, म्हणजे सुमारे एक लाख दहा हजार कोटी. एका मार्गाची चाचणी एका मिलिसेकंदात उरकली तरी सगळे मार्ग तपासायला जवळपास ३५ वर्षे लागतील. चाळीस फाटे काही फार नव्हेत. ब्रेकच्या किंवा इंजिनाच्या सॉफ्टवेअरमध्ये याच्या कितीतरी पट असतात. शिवाय एकाच मार्गाने दोनदा गेले तरी वेळ तोच लागेल असेही नाही, कारण प्रोसेसरच्या आत आधीच्या कामाचे काय उरले आहे यावर तो ठरतो. मोजणी करणाऱ्याला दिसतो तो या अफाट पसाऱ्याचा एक कोपरा, आणि सर्वांत वाईट प्रसंग त्याच कोपऱ्यात असेल याला काहीच आधार नसतो.

म्हणून हा मूर्ख प्रोग्राम न चालवताच त्याचा वेळ काढायला बसतो. सगळ्याच प्रोग्रामांसाठी हे जमणारे नाही. एखादा प्रोग्राम कधीतरी थांबेल की नाही हे ठरवणारी सर्वसाधारण पद्धत असूच शकत नाही, हे ॲलन ट्युरिंगने १९३६ मध्ये दाखवून दिले. आणि जो थांबेल की नाही तेच कळत नाही, त्याला किती वेळ लागेल हे तरी कसे कळणार? पण लूप किती वेळा फिरेल याला मर्यादा घातली, की मार्ग निघतो. पॅट्रिक आणि राधिया कुझो या दांपत्याने १९७७ मध्ये अमूर्त अर्थनिर्णयाची पद्धत मांडली. तिच्यात एकेक प्रत्यक्ष स्थिती न तपासता, शक्य असलेल्या सगळ्या स्थितींना पोटात घेणारे एक ढोबळ चित्र धरून पुढे जाता येते. जर्मनीत सारब्रुकेनला राइनहार्ट विल्हेल्म यांच्या मंडळींनी ती प्रोसेसरच्या आतल्या स्थितीला लावली. या ओळीपाशी पोचताना अमुक माहिती कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या मेमरीत, नक्की असेल का, कदाचित असेल का, की नसेलच, हे त्यातून ठरते. खात्री नसेल तिथे वाईट तेच धरायचे. मग सगळ्या मार्गांतला सर्वांत लांब मार्ग गणिताने शोधायचा. त्यासाठी एकेक मार्ग चालून पाहावा लागत नाही. याच परंपरेतून निघालेले ‘एआयटी’ हे साधन एअरबसने ए३८० विमानाच्या सॉफ्टवेअरसाठी वापरले.

यातून येणारा आकडा खऱ्या कमाल वेळेपेक्षा बहुधा मोठा असतो. त्याला निराशावादी म्हणतात आणि तो तसा आहेही. पण प्रोसेसरचे चित्र खरे असेल, तर तो आकडा खाली कधी घसरत नाही. स्टॉपवॉचचा आकडा उलट्या बाजूने चुकतो : तो खऱ्या कमाल वेळेपर्यंत पोचेल किंवा खालीच राहील, वर कधी जाणार नाही. चुकायचेच असेल तर कोणत्या बाजूला चुकावे, हे या माणसाने पक्के ठरवलेले असते.

लक्षण दुसरे : वेगवान ते नाकारतो

गेल्या चार दशकांत प्रोसेसर बनवणाऱ्यांनी जे जे केले ते सरासरी वेग वाढवण्यासाठी. वारंवार लागणारी माहिती जवळ ठेवणारी कॅश आली. एक सूचना पुरी होण्याआधी पुढची सुरू करणारी पाइपलाइन आली. पुढे कोणत्या फाट्याने जायचे याचा अंदाज बांधणारी यंत्रणा आली. अंदाज बरोबर निघाला तर काम झटपट होते. चुकला तर केलेले टाकून द्यावे लागते. कॅशमध्ये माहिती सापडली तर काही मोजक्या चक्रांत मिळते. नाही सापडली तर मुख्य मेमरीपर्यंत जाऊन यायला आधुनिक प्रोसेसरला शंभराहून अधिक चक्रे लागू शकतात. अशाने सरासरी सुधारत गेली आणि सर्वांत चांगल्या व सर्वांत वाईट वेळेतले अंतर रुंदावत गेले.

त्यातच एक विलक्षण गोष्ट आहे. आतला एखादा टप्पा लवकर आटोपला तर एकूण काम लवकर होईल, असे कुणालाही वाटेल. रॉन ग्रॅहमने १९६० च्या दशकातच दाखवले, की अनेक यंत्रांवर वाटलेल्या कामात प्रत्येक कामाचा वेळ कमी केला, किंवा आणखी एक यंत्र जोडले, तरी एकूण वेळ वाढू शकतो. १९९९ मध्ये लुंडक्विस्ट आणि स्टेनस्ट्रॉम या स्वीडिश संशोधकांनी तेच एका प्रोसेसरच्या पोटात घडते असे दाखवले. सूचनांचा क्रम स्वतःच बदलणाऱ्या प्रोसेसरमध्ये, माहिती कॅशमध्ये सापडल्यामुळे एकूण वेळ जास्त लागला, असेही होऊ शकते. म्हणजे अशा प्रोसेसरवर प्रत्येक पावलाला वाईट तेच धरले तरी शेवटी सर्वांत वाईट उत्तर मिळेलच याचा भरवसा नाही.

एवढे कळल्यावर हा मूर्ख संथ प्रोसेसर मागतो. कॅश आहे ती बंद करतो, किंवा तिचा एक भाग कुलूपबंद करून ठेवतो. चार कोअरचा प्रोसेसर घेऊन तीन कोअर झोपवतो, कारण शेजारचा कोअर मेमरीवर किती गर्दी करेल हे त्याला सांगता येत नाही. विमानांना मान्यता देणाऱ्या संस्थांनाही ही शंका रास्त वाटली. एकापेक्षा जास्त कोअर वापरायचे असतील तर त्यांच्या एकमेकांतल्या अडथळ्याचा हिशेब दाखवावा, अशी अपेक्षा त्यांनी २०१६ च्या ‘कास्ट-३२ए’ या निवेदनात लेखी मांडली. बर्कलीचे एडवर्ड ली आणि कोलंबिया विद्यापीठाचे स्टीफन एडवर्ड्स यांनी तर २००७ मध्ये वेगळ्याच प्रोसेसरची मागणी केली. बेरीज-वजाबाकी जशी दर वेळी तीच येते, तसा वेळही दर वेळी तोच यावा, असा प्रोसेसर.

पैसे देऊन घेतलेला वेग परत करणारा माणूस खरेदी विभागाला वेडाच वाटणार. पण त्याने त्या बदल्यात काय घेतले ते पाहा. त्याने खात्री घेतली, आणि ब्रेकला तीच लागते.

लक्षण तिसरे : आपलेच हात बांधून घेतो

प्रोग्रामरला भाषेने दिलेले स्वातंत्र्य प्रिय असते. हा माणूस ते एकेक करून सोडून देतो. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतले जेरार्ड होल्झमन यांनी २००६ मध्ये ज्यावर जीव अवलंबून असतो अशा सॉफ्टवेअरसाठी दहाच नियम मांडले. त्यांतले आरंभीचे तीन असे : फंक्शनने स्वतःला पुन्हा बोलावू नये; प्रत्येक लूपला आधीच सांगता येईल अशी कमाल मर्यादा असावी; काम सुरू झाल्यावर नवी मेमरी मागू नये. हुशार विद्यार्थ्याला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात ज्या युक्त्या शिकल्याचा अभिमान वाटतो, त्या सगळ्या इथे वर्ज्य.

क्विकसॉर्ट ही अशीच लाडकी युक्ती. एक हजार नोंदी क्रमाने लावायला तिला सरासरी सुमारे ११ हजार तुलना पुरतात. पण साध्या रूपात, नोंदी आडमुठ्या क्रमाने आल्या तर ४,९९,५०० तुलना कराव्या लागतात. हीपसॉर्ट सरासरीत तिच्या मागे पडते, पण तिचा सर्वांत वाईट प्रसंग वीस हजारांच्या आसपास आटोपतो. आपला मूर्ख डोळे मिटून हीपसॉर्ट निवडतो. त्याच्या प्रोग्राममध्ये चमक नसते आणि वाचणाऱ्याला दाद द्यावीशी वाटेल अशी ओळही सापडत नाही. लिहिलेले किती वेळ चालेल हे मात्र ते वाचूनच सांगता येते. तसे सांगता यावे यासाठी ज्याने आपली हुशारी बाजूला ठेवली, त्याची हुशारी मला अधिक मोठी वाटते.

लक्षण चौथे : विकत घेतलेले रिकामे ठेवतो

एका प्रोसेसरवर अनेक कामे ठरावीक अंतराने चालवायची असतील तर किती भार सुरक्षित? सी. एल. लिऊ आणि जेम्स लेलँड यांनी १९७३ मध्ये याचे उत्तर दिले. ज्या कामाची पाळी वारंवार येते त्याला वरचा अग्रक्रम द्यायचा अशी रीत ठेवली, तर कामे कितीही असोत, एकूण भार सुमारे ६९ टक्क्यांच्या आत असेल तोवर एकही डेडलाइन चुकणार नाही. उरलेले ३१ टक्के वापरता येतात, पण मग प्रत्येक कामाची बारकाईने वेगळी तपासणी करावी लागते. या प्रमेयात प्रत्येक कामाचा कमाल वेळ आधीच ठाऊक आहे असे धरले आहे. पुढच्या पन्नास वर्षांत त्यावर उभे राहिलेले सारे शास्त्र कमाल वेळेच्या याच आकड्यावर टेकलेले आहे. तो अंदाजपंचे असेल तर वरची सगळी सिद्धता हवेत.

लग्नघरचा आचारी गेल्या दहा लग्नांच्या सरासरीवर भात टाकत नाही; शेवटच्या पंगतीत ऐनवेळी पन्नास पाने वाढली तरी पुरेल एवढा तो टाकतो, आणि उरलेल्या भाताबद्दल त्याला कुणी मूर्ख म्हणत नाही. संगणकाचा रिकामा वेळ दिसला की मात्र त्यात आणखी काहीतरी बसवण्याची घाई सगळ्यांना होते.

२० जुलै १९६९ रोजी चंद्रावर उतरताना ईगल यानाच्या संगणकाची परीक्षा अशाच एका अनपेक्षित पंगतीने झाली. त्या संगणकाला २,०४८ शब्दांची बदलती मेमरी होती, आणि उतरण्याचे मुख्य गणित दर २ सेकंदांनी पुरे व्हायचे होते. परतताना मुख्य यानाशी भेटीसाठी वापरायच्या रडारच्या विद्युतपुरवठ्यातल्या विसंगतीमुळे संगणकाला खोटे संकेत येत राहिले, आणि ते मोजण्यात त्याचा सुमारे १३ ते १५ टक्के वेळ जाऊ लागला. हा भार कुठल्याच हिशेबात धरलेला नव्हता. दोन सेकंदांचे काम दोन सेकंदांत पुरे होईना, नवे काम जुन्यावर चढू लागले, आणि पडद्यावर १२०२ व १२०१ हे इशारे उमटले.

पण हॅल लॅनिंगने त्या संगणकाचे कामवाटप अग्रक्रमाने बांधले होते, आणि मार्गारेट हॅमिल्टन यांच्या चमूच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा वेळी सगळे थांबवून महत्त्वाचेच तेवढे जिथल्या तिथून पुन्हा सुरू करण्याची सोय होती. प्रत्येक इशाऱ्याला संगणकाने तेच केले. ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्रात २४ वर्षांच्या जॅक गारमनने आधीच्या एका सरावातल्या गोंधळानंतर सगळ्या इशाऱ्यांची यादी हाताने लिहून जवळ ठेवली होती. त्याने आणि स्टीव्ह बेल्सने पुढे जायला हरकत नाही असे सांगितले. जे घडणारच नाही असे शहाण्यांना वाटते, त्याची तयारी करून ठेवणाऱ्यांमुळे ते उतरणे पार पडले.

लक्षण पाचवे : एवढे करूनही शंका घेतच राहतो

इथवर वाचून कुणाला वाटेल, की कमाल वेळ काढला, थोडी जागा रिकामी ठेवली, की झाले. ४ जून १९९६ ला फ्रेंच गयानातल्या कुरू इथून उडालेले पहिले एरियान ५ रॉकेट याचे उत्तर आहे. त्याच्या दिशादर्शक संगणकाला ८० टक्क्यांहून जास्त भार द्यायचा नाही, असा दंडक होता. दंडक योग्यच. तो पाळायचा म्हणून, सोळा बिटांत बसवताना मर्यादा ओलांडण्याची भीती असलेल्या सात आकड्यांपैकी चारांनाच संरक्षण दिले गेले आणि तीन उघडे राहिले. त्या तिघांतला एक आडव्या वेगाशी संबंधित होता. एरियान ४ च्या उड्डाणात तो मर्यादेत राहत असे. एरियान ५ चा आडवा वेग कितीतरी जास्त होता. आकडा मावला नाही. राखीव संगणक आधी बंद पडला, लगोलग मुख्य संगणक बंद पडला, कारण दोघांत तेच सॉफ्टवेअर होते. उड्डाणाचा क्रम सुरू झाल्यावर सुमारे ४० सेकंदांनी रॉकेट भरकटले आणि तुकडे तुकडे झाले. ज्या गणितात ही चूक घडली, त्याचा एरियान ५ ला जमीन सोडल्यावर काही उपयोगच नव्हता.

या घटनेने माझ्या स्तुतीला बाध येतो का? मला वाटते, ती अधिक नेमकी होते. तिथे वेळेचा निराशावाद शाबूत होता, पण आकड्यांच्या बाबतीत आशावाद चालवून घेतला गेला, तोही जुन्या रॉकेटवरून उसना घेतलेला. सर्वांत वाईट प्रसंग कोणता, हा प्रश्न प्रोग्रामपुरता विचारून भागत नाही. तो प्रोग्राम कोणत्या जगात धावणार आहे, त्या जगालाही तो विचारावा लागतो, आणि जग बदलले की पुन्हा विचारावा लागतो.

मार्स पाथफाइंडरने हाच धडा दुसऱ्या बाजूने दिला. ४ जुलै १९९७ ला ते मंगळावर सुखरूप उतरले आणि काही दिवसांनी त्याचा संगणक आपोआप रीसेट होऊ लागला. हवामानाची नोंद घेणारे कमी महत्त्वाचे काम एक सामायिक साधन धरून बसे, मधल्या अग्रक्रमाची कामे त्याला अडवत, आणि सर्वांत महत्त्वाचे काम त्या साधनासाठी ताटकळत राही. प्रत्येक कामाला स्वतःला लागणारा वेळ मर्यादेतच होता. दुसऱ्यासाठी थांबण्याच्या वेळेला मर्यादा नव्हती. थांबणाऱ्याचा अग्रक्रम अडवणाऱ्याला तात्पुरता देण्याचा इलाज शा, राजकुमार आणि लेहोत्स्की यांनी १९९० मध्येच विस्ताराने मांडला होता, आणि यानाच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ती सोयही होती. पृथ्वीवरून ती चालू केली आणि रीसेट थांबले. उतरण्याआधीच्या चाचण्यांतही असे रीसेट क्वचित दिसले होते, पण पुन्हा घडवून आणता न आल्याने ते मागे पडले. पहिले लक्षण अंगी असलेला माणूस अशा रीसेटपाशी हटून बसतो.

अशी ही पाच लक्षणे. मोजलेले न मानणे, वेगवान ते नाकारणे, हात बांधून घेणे, जागा रिकामी ठेवणे आणि तरीही शंका घेणे. एकेकटे पाहिले तर प्रत्येक लक्षण प्रकल्पाला उशीर करणारे, खर्च वाढवणारे, चारचौघांत हेकट ठरवणारे. एकत्र पाहिले तर ते एक वचन आहे. ज्यांना आपण कधी भेटणार नाही अशा माणसांना दिलेले : तुमच्या आयुष्यातल्या सर्वांत वाईट क्षणीही हे यंत्र वेळेवर उत्तर देईल, आणि ‘वेळेवर’ म्हणजे किती हे आम्ही आधीच काढून ठेवले आहे. असे वचन सरासरीच्या आधारावर देता येत नाही. अपघाताच्या क्षणी माणूस सरासरीत नसतो.

पुण्यात, विशेषतः हिंजवडीच्या परिसरात, देशोदेशीच्या मोटारींचे सॉफ्टवेअर लिहिणारी मराठी मुले-मुली मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यापुढे हा प्रश्न रोज येतो, आणि रोज त्याला एक सोपे उत्तरही हाताशी असते : टेस्टमध्ये तर बसले, पुढे जाऊ. त्यांनी तिथे अडून बसावे, आणि त्यांच्या वरिष्ठांनी त्या अडून बसण्यासाठी वेळापत्रकात जागा ठेवावी, असे मला फार वाटते. महाविद्यालयांनी प्रोग्राम चालतो का यासोबत तो जास्तीत जास्त किती चालेल, हेही परीक्षेत विचारावे. मान्यता देणाऱ्याने आकडा पाहावाच, पण तो आकडा कुठून आला हेही पाहावे. ‘जास्तीत जास्त किती?’ या प्रश्नाला ज्याच्याकडे पुराव्यानिशी उत्तर नाही, त्याचे सॉफ्टवेअर कितीही वेगवान असले तरी ते माणसाच्या जिवाशी जोडू नये.